दहा मीटरवरचा पत्ता

गगनबावड्याला पाऊस लागला की तो चार महिने मुक्कामालाच असतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी ओतणाऱ्या या गावात पावसाळ्यात करमणुकीची साधनं मोजकीच उरतात: चहाची टपरी, गप्पा आणि हातातला मोबाइल. एसटी स्टँडच्या छपराखाली गाडीची वाट बघणारी चार पोरं एकाच मोबाइलवर माना घालून बसलेली दिसली, की आत काय चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो. क्रिकेट नसेल तर रील, आणि चार रीलमागे एखादी तरी जादूची. जाकीट घातलेला कुणी तरुण भर रस्त्यात एका बाईला थांबवतो, पत्ता काढायला सांगतो, कॅट हवेत भिरकावतो आणि तिनं काढलेला पत्ता शेजारच्या दुकानाच्या काचेला आतल्या बाजूनं चिकटलेला असतो. बाई किंचाळते. तिच्याबरोबरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो. स्टँडवरची पोरंही नकळत मागे सरकतात.

आता समजा, याच तरुणानं उद्या कोल्हापुरात नाट्यगृह घेतलं, तिकीट लावलं आणि दोन तासांचा प्रयोग जाहीर केला. चालेल? आणि कोल्हापूरपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, गगनबावड्यातल्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत असताना तो उभा राहिला, तर?

टीव्हीवर रस्त्यात जादू करून नाव कमावलेल्या कलावंतांना गेली पंचवीस-तीस वर्षं हा प्रश्न विचारला जातोय. काहींनी त्याचं उत्तर तिकीटखिडकीवर दिलं, काहींना टीकाकारांचे फटके खावे लागले. मात्र उत्तराकडे जाण्याआधी 'रस्त्यावरची जादू' म्हणजे नक्की काय, हे पाहायला हवं. कारण आपल्याकडे ती टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही गारुड्याचा खेळ आठवत असेल. बाजाराच्या कडेला मोकळी जागा हेरायची, डमरू वाजवायचा, पोरं जमली की पाण्यानं किंवा राखेनं जमिनीवर रिंगण आखायचं. हे रिंगण दिसायला साधं, पण त्यात हिशेब असतो. पहिली ओळ खाली बसवली की दुसऱ्या ओळीला दिसतं. आणि पाठमोरी गर्दी दिसली की रस्त्यानं जाणारा माणूस आत काय आहे हे बघायला आपणहून थांबतो. एका टोपलीत साप, दुसरीत मुंगूस. त्यांची लढाई लावतो, असं गारुडी सुरुवातीलाच सांगून ठेवतो आणि ती लढाई शेवटपर्यंत लागत नाही. मधल्या वेळात तीन वाट्या आणि गोळ्या, तोंडातून निघणारे दगडगोटे, चादरीखाली झोपवलेला जंबुरा, म्हणजे गारुड्याच्या हाताखालचं पोर. खेळ ऐन रंगात आला की गारुडी थांबतो आणि झोळी फिरवतो. आत्ता जो उठून जाईल तो घरी पोचेपर्यंत रक्त ओकेल, ही दमदाटीही ठरलेली. पैसे आधी, कळस नंतर.

या माणसाचं खरं कसब हातचलाखीपेक्षा वेगळ्या ठिकाणी होतं. त्याच्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं नसे, बसायला खुर्ची नसे, आणि निघून जायला चारही दिशा मोकळ्या असत. अशा माणसाला अर्धा तास जागेवर खिळवून ठेवणं आणि वर त्याच्याकडून पैसे घेणं, हे काम भल्याभल्या नटांना जड जाईल. म्हणून जुन्या अर्थानं रस्त्यावर घडलेला जादूगार रंगमंचावर गेला, तर तो तिथं नवखा ठरत नसे.

याचा एक जुना दाखला लंडनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथं गेलेल्या हिंदुस्थानी जादूगारांमध्ये रामो सामी हा कलावंत होता. आपल्या गावच्या मोकळ्या जागेत चालणारी विद्या, म्हणजे चेंडू झेलणं, तलवार गिळणं, वाट्या-गोळ्या, त्यानं लंडनच्या सभागृहांत आणि थिएटरांत नेली आणि लोक पैसे मोजून बघायला आले. विल्यम हॅझलिट या निबंधकारानं हिंदुस्थानी जादूगारांवर लिहिलेला निबंध इंग्रजी वाङ्मयात आजही वाचला जातो. रामो सामी १८५० मध्ये गेला तेव्हा मात्र घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते. तीन-साडेतीन दशकं रंगमंच गाजवूनही हाती काही उरलं नाही, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

आपल्याकडचा गारुडी पुढे कायद्याच्या कचाट्यात सापडला. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करणं या निमित्तानं पैसे मागणंही येतं. म्हणजे झोळी फिरवली की कलावंत कायद्याच्या लेखी भिकारी. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि साप-मुंगसाच्या टोपल्याही गेल्या. प्राण्यांच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण खेळाची मांडणी, गर्दी धरून ठेवण्याची बोली आणि ती बापाकडून पोराला मिळण्याची पद्धत, हेही त्या टोपल्यांबरोबर बरंचसं गेलं.

रस्त्याचा दुसरा उपयोग मोठ्या जादूगारांनी केला, आणि तो थेट धंद्याशी जोडलेला होता. शहरात जादूचा मोठा खेळ आला की पहिल्याच दिवशी जादूगार डोळ्यांवर कणकेचे गोळे, त्यावर पट्ट्या आणि वर काळा बुरखा बांधून मुख्य रस्त्यावरून मोटारसायकल चालवीत जाई. दुतर्फा गर्दी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. संध्याकाळी नाट्यगृहावर रांग. रस्त्यावर जे दिसलं ते फुकट होतं, पण ते पूर्ण नव्हतं. उरलेलं बघायचं तर तिकीट काढावं लागे. अमेरिकेत हूडिनी हेच करत असे. हात जखडणाऱ्या जाकिटात स्वतःला बांधून घेऊन तो वर्तमानपत्राच्या कचेरीच्या इमारतीवरून उलटा लटके आणि हजारो लोकांदेखत सुटे. इमारत वर्तमानपत्राचीच निवडलेली, त्यामुळे बातमीची सोयही तिथंच. पी. सी. सरकार ज्युनियर यांनी २००० साली ताजमहाल 'गायब' करून दाखवला, तेव्हाही जगभर चर्चा झाली ती त्या खेळाची. पोट भरणारा धंदा मात्र नाट्यगृहातल्या 'इंद्रजाल' या त्यांच्या प्रयोगाचा.

टीव्हीवरची रस्त्यावरची जादू ही या मोटारसायकलीचीच पुढची, महागडी आवृत्ती आहे असं म्हटलं तर बरंच काही उलगडतं. ती गर्दी दारापर्यंत आणते. दाराच्या आत काय होतं, हा वेगळा मामला.

टीव्हीवर जादू नेताना सुरुवातीच्या लोकांना याची जाणीव होती. अमेरिकेत १९६० मध्ये मार्क विल्सन यांची जादूची साप्ताहिक मालिका सुरू झाली. कॅमेऱ्यात काहीही शक्य असतं हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, म्हणून त्यांनी स्वतःवर दोन बंधनं घालून घेतली: समोर खरेखुरे प्रेक्षक बसलेले असतील, आणि खेळ चालू असताना कॅमेरा तिथून हलणार नाही. टीव्हीवर रंगमंचच दाखवायचा, असा तो करार होता.

१९९७ मध्ये डेव्हिड ब्लेन या तरुणानं तो करार बाजूला ठेवला. 'स्ट्रीट मॅजिक' या त्याच्या कार्यक्रमात रंगमंच नव्हता, कोट-टोपी नव्हती, सहायिका नव्हती. साधा टी-शर्ट घातलेला, फारसं न बोलणारा माणूस फुटपाथवर लोकांना गाठे. खरा बदल कॅमेऱ्याच्या रोखात होता. तोवर कॅमेरा जादूगाराच्या हातांकडे असे. इथं तो पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळला. हातात काय झालं ते क्षणभरच दिसे, आणि मग कुणी पळतंय, कुणी रडतंय, कुणी देवाचं नाव घेतंय हे लांबवर दिसत राही. घरी बसलेल्या माणसाला आश्चर्य वाटायचं ते पत्त्याचं कमी आणि त्या चेहऱ्याचं जास्त.

याच कार्यक्रमात ब्लेन जमिनीवरून वर उचलला गेलेला दिसतो. ज्यांना या विद्येची माहिती आहे त्यांनी पुढे लिहिलं, की रस्त्यावरच्या माणसांना प्रत्यक्षात दिसला तो बाल्डुची या नावानं ओळखला जाणारा जुना प्रकार: पाय जमिनीपासून चार बोटं वर, तोही तीन-चार जणांनाच, आणि एका ठरावीक कोनातूनच. टीव्हीच्या प्रेक्षकाला दिसलेली झेप त्याहून उंच होती. ती वेगळी चित्रित केली होती आणि किंचाळणारे चेहरे तिला संकलनात जोडले होते. कायद्यानं यात फसवणूक नाही, टीव्हीच्या रिवाजानंही नाही. पण नाट्यगृहात हे नेता येत नाही. पाचशे माणसं पाचशे कोनांतून बघत असतात, आणि बाल्कनीतल्या पोराला वरून सगळं दिसतं.

इथं थोडं भूमितीकडे वळायला हवं. पत्त्याची उंची साधारण ८८ मिलिमीटर. हा पत्ता हातभर अंतरावर धरला तर दुरीवरचं बारीक नक्षीकामही दिसतं. दहा मीटरवरून तोच पत्ता आपल्या डोळ्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणजे जवळपास आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा. वीस मीटरवरून त्याच्याही निम्मा. नाट्यगृहाच्या मागच्या रांगा वीस मीटरच्या आसपास सहज असतात. त्या रांगेतल्या माणसाला इस्पिकची राणी आणि बदामची राणी यांत फरक दिसत नाही. जादूगाराच्या हातात काहीतरी पांढरं आहे एवढंच कळतं. ज्या कलाकाराची सगळी ताकद पत्ता, नाणं, अंगठी आणि मोबाइल या चार वस्तूंत आहे, त्याच्या खेळाला दहाव्या रांगेपुढे कुणी वाली नसतो.

यावर सगळ्यांनी काढलेला सरळ उपाय म्हणजे मागे मोठा एलईडी पडदा लावायचा आणि कॅमेरा हातावर रोखायचा. उपाय चालतो, पण त्यानं एक गंमत होते. टीव्हीवरचा माणूस प्रत्यक्ष बघायला म्हणून तिकीट काढून आलेला प्रेक्षक दोन तास पुन्हा पडद्याकडेच बघत बसतो.

वेळेचा हिशेबही असाच उलटा आहे. टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि त्यासाठी कितीतरी दिवस चित्रीकरण होतं. जो माणूस खांदे उडवून निघून गेला तो कापला जातो, जिच्या डोळ्यांत पाणी आलं ती राहते. रंगमंचावर वर बोलावलेला माणूस खांदे उडवणाऱ्यांपैकी निघाला तर त्याला कापता येत नाही. त्याच्यासकट खेळ पुढे न्यावा लागतो. गारुड्याला हे रोज करावं लागे. टीव्हीवर घडलेल्या जादूगाराला ते शिकावं लागतं, आणि ज्यानं शिकलं नाही तो पहिल्या वीस मिनिटांत उघडा पडतो.

अमेरिकेतल्या क्रिस एंजलची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. 'माइंडफ्रीक' ही त्याची मालिका २००५ पासून २०१० पर्यंत चालली. रस्त्यांवर, इमारतींच्या कडांवर, माणसांच्या गराड्यात तो अचाट गोष्टी करताना दिसे. ऑक्टोबर २००८ मध्ये लास वेगासच्या लक्सर हॉटेलात 'सर्क द्यू सोलेल' या नावाजलेल्या सर्कस कंपनीबरोबर त्याचा 'बिलीव्ह' हा भव्य प्रयोग सुरू झाला. टीकाकारांनी तो धुऊन काढला. मालिकेतला माणूस बघायला आलेल्यांना नाच, सशांचे मुखवटे आणि स्वप्नदृश्यं मिळाली; जादू शोधावी लागत होती. मग प्रयोगाची डागडुजी सुरू झाली, नाच कमी झाले, जादू वाढली. गंमत अशी की टीकाकारांनी मोडीत काढलेला हा प्रयोग २०१६ पर्यंत चालला, आणि त्याच्या जागी आलेल्या पुढच्या प्रयोगाला मालिकेचंच नाव देण्यात आलं. मालिकेची जी ओळख रंगमंचावर टाळली होती, तीच शेवटी पाटीवर लागली.

एंजलबद्दल एक गोष्ट विसरली जाते. मालिकेच्या आधी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्यानं याच नावाचे शेकडो प्रयोग केले होते. रंगमंच त्याला नवा नव्हता. गडबड झाली ती टीव्हीनं दिलेल्या ओळखीपासून फारकत घेतल्यामुळे.

ब्रिटनमधली उदाहरणं जास्त आश्वासक आहेत. ब्रॅडफर्डच्या गरीब वस्तीत वाढलेला डायनॅमो, म्हणजे स्टीव्हन फ्रेन, २०११ मध्ये टेम्स नदीच्या पाण्यावरून चालताना दिसला आणि त्याची मालिका गाजली. त्यानं लगेच नाट्यगृह घेतलं नाही. चार वर्षं मालिका चालवली आणि मगच २०१५-१६ मध्ये मोठमोठ्या सभागृहांचा दौरा काढला. तिकिटं लाखोंनी खपली. डेरेन ब्राउन हा मनोव्यापाराच्या अंगानं खेळ करणारा कलावंत २००० मध्ये टीव्हीवर आला, पण त्यानं रंगमंच कधी सोडलाच नाही. त्याच्या रंगमंचीय प्रयोगांना २००६ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये ब्रिटिश रंगभूमीवरचं मानाचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. त्याच्या खेळात डोळ्यांना दिसण्यासारखं फार थोडं असतं. माणूस वर बोलावला जातो, त्याच्याशी बोलणं होतं, आणि त्याच्या मनातली गोष्ट उघड होते. मागच्या रांगेला ऐकू आलं की पुरे. पत्त्याच्या आकाराची अडचण त्याला फारशी छळत नाही.

आणि खुद्द ब्लेन? रस्त्यावरून सुरुवात करणाऱ्या या माणसाचा पहिला मोठा रंगमंचीय दौरा निघाला तो २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या कार्यक्रमानंतर तब्बल वीस वर्षांनी. त्यानं पत्त्यांच्या जोडीला शरीराची परीक्षा पाहणारे खेळ घेतले: श्वास रोखून पाण्यात राहणं, उंचावरून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर उडी टाकणं. हे शेवटच्या रांगेतूनही दिसतं. त्याची किंमतही खरी असते. २०२३ मध्ये लास वेगासला अशाच एका उडीत त्याचा खांदा निखळला.

धोक्याचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्याकडची एक घटना सांगायला हवी. जून २०१९ मध्ये कोलकात्यात 'मँड्रेक' या नावानं खेळ करणारे चंचल लाहिरी हूडिनीच्या धर्तीवर साखळदंडात बांधलेल्या अवस्थेत हुगळीत उतरवले गेले. ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. संकलनाच्या टेबलाशिवाय केलेल्या खेळात चुकीला जागा नसते.

टीव्हीनं रंगमंच भरवल्याचं आजवरचं सगळ्यात झणझणीत उदाहरण मात्र भारतीय माणसाचं आहे, आणि ते ब्लेनच्या जन्माच्याही आधीचं. ९ एप्रिल १९५६. बीबीसीवर 'पॅनोरमा' हा कार्यक्रम चालू होता. प्रतुलचंद्र सरकार, म्हणजे थोरले पी. सी. सरकार, दीप्ती डे या सतरा वर्षांच्या सहायिकेला विजेच्या गोल करवतीनं मधोमध कापण्याचा खेळ करत होते. करवत थांबली. सरकारांनी तिचा हात चोळला, हाक मारली; ती हलली नाही. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपला. घराघरांत बसलेल्या इंग्रजांना वाटलं की थेट प्रक्षेपणात मुलीचा जीव गेला. बीबीसीचे फोन खणखणू लागले. कार्यक्रमाची वेळ संपल्यामुळे प्रक्षेपण थांबवलं, मुलगी सुखरूप आहे, असा खुलासा झाला. वेळ चुकून संपली की जाणूनबुजून ताणली, यावर जाणकार अजून गालात हसतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांची पहिली पानं सरकारांची होती, आणि लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क थिएटरमधले त्यांचे प्रयोग भरून गेले.

सरकारांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. टीव्हीवर खेळ अर्धा राहिला. मुलगी उठून बसते, तो शेवट कुणी पाहिलाच नाही. तो बघायचा तर थिएटरात जावं लागणार होतं. गारुड्याची मुंगूस-सापाची लढाई आणि सरकारांची करवत यांत बेत तोच: कळस झोळीनंतर. शिवाय थिएटरात गेलेल्याला तिथं वेगळं, मोठं काहीतरी मिळालं. झगमगते पोशाख, वाद्यवृंद, भरपूर माणसं, दृश्यामागून दृश्य. टीव्हीवरचा खेळ म्हणजे त्या जगाची फक्त किल्ली होती.

महाराष्ट्रात ही वाट वेगळी पडली. जादूगार रघुवीर (रघुवीर भोपळे, १९२४–१९८४) यांचं नाव मराठी घरांत पोचलं तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरूच झालं नव्हतं. ते आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. रघुवीरांनी पुण्यातून सुरुवात करून गावोगावची नाट्यगृहं आणि शाळा पालथ्या घातल्या, परदेश दौरे केले, आणि त्या भटकंतीवर 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्यानंतर मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी हा वसा चालवला. तीन पिढ्या प्रयोगावर जगल्या, त्या पडद्यावरच्या प्रसिद्धीविना. तिकीट काढणाऱ्याला आधी काही दिसलेलं नसे. त्यामुळे जादूगारानं काय करावं याची पक्की अपेक्षाही नसे, आणि समोर जे येई ते सगळं नवंच असे. टीव्हीवरून आलेल्या जादूगाराला हा फायदा नाही. त्याचा प्रेक्षक सगळ्यात भारी खेळ घरी बघून आलेला असतो आणि त्याहून भारी काहीतरी मागतो.

आजच्या पिढीत सुहानी शाह यांची वाट उलट्या क्रमानं जाते, म्हणून ती तपासण्यासारखी. सात वर्षांची असताना १९९७ मध्ये अहमदाबादला त्यांनी पहिला प्रयोग केला. पहिलीनंतर शाळा सोडून त्या दौऱ्यांवरच वाढल्या. मोठ्या पेट्या, माणूस गायब करणं, हवेत तरंगवणं, हे सगळं करून झाल्यावर त्यांनी पेट्या बाजूला ठेवल्या आणि मन वाचण्याच्या खेळाकडे वळल्या. यूट्यूबमुळे त्या घराघरांत पोचल्या ते त्यानंतर. २०२५ मध्ये इटलीत तुरिनला झालेल्या जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत त्यांना मिळालेला सन्मानही ऑनलाइन जादूसाठीचाच होता. आज त्यांचे प्रत्यक्ष प्रयोग भरतात यामागे मोबाइलवरची ओळख आहेच. पण पडद्यावर येण्याआधीची दोन दशकं त्या रंगमंचावर उभ्या होत्या, ही शिदोरी मोबाइलवर दिसत नाही.

एवढ्या उदाहरणांवरून काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट होतात. टीव्हीची प्रसिद्धी पहिल्या आठवड्याची तिकिटं खपवते. पुढच्या आठवड्याची तिकिटं पहिल्या आठवड्यात येऊन गेलेले लोक खपवतात किंवा बुडवतात. जे टिकले त्यांनी तीन कामं केली. मागच्या रांगेला दिसतील किंवा निदान ऐकू येतील असे खेळ निवडले. प्रेक्षकांतल्या माणसाला वर घेऊन, रस्त्यावरच्या घोळक्यात जो ताजेपणा असतो तो हॉलमध्ये आणला. आणि दोन तास पुरेल एवढं बोलणं कमावलं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, कारण टीव्हीवरच्या जादूगाराच्या तोंडी चार वाक्यांपलीकडे काही नसतं. बाकीचं संगीत आणि संकलन बोलतं.

मराठी मुलखात हे बोलणं आणखी महत्त्वाचं. कीर्तन, भारूड, तमाशातली बतावणी, शाहिरांचे सवाल-जवाब, यांवर वाढलेला प्रेक्षक हात बघण्याआधी तोंड ऐकतो. समोरच्याला टोला हाणणारा, गावच्या सरपंचाला वर बोलावून त्याच्या खिशातून अंडं काढणारा जादूगार त्याला आपला वाटतो. गप्प, गूढ चेहऱ्यानं उभा राहणारा माणूस पडद्यावर रुबाबदार दिसतो. खेड्यातल्या हॉलमध्ये पाच मिनिटांत मागून शिट्टी येते.

नाट्यगृहांचाही प्रश्न आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झालं; केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती. जादूच्या मोठ्या खेळाला खोल रंगमंच, विंगा, वर दोऱ्या ओढायची सोय आणि सामानाचे ट्रक उभे करायला जागा लागते. पश्चिम महाराष्ट्रात अशी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून बाकीच्या गावांत मोठ्या पेट्यांचा खेळ पोचतच नाही.

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. २०११ च्या जनगणनेत तो जेमतेम ३६ हजारांच्या घरात होता. एकेकाळी पंत अमात्यांच्या जहागिरीचं हे ठाणं. आज गगनगडावरच्या मठासाठी आणि करूळ, भुईबावडा या घाटांसाठी लोक इथं येतात आणि खाली कोकणात उतरून जातात. इथं हजार खुर्च्यांचं नाट्यगृह नाही आणि नजीकच्या काळात होईल असंही नाही. इथला जादूचा खेळ म्हणजे शाळेचा हॉल किंवा व्हरांडा, खाली सतरंजी, समोर दोनशे पोरं आणि एका टेबलावर काळं कापड. पोरं पहिल्या ओळीत बसतात ती जादूगारापासून चार हातांवर. वीज गेली तर दार उघडून उजेड घ्यायचा. पत्र्यावर पावसाचा मारा सुरू झाला की माइकचा आवाजही मागे पोचत नाही, मग जादूगाराला हातवाऱ्यांवर भागवावं लागतं.

आता सुरुवातीचा प्रश्न या हॉलमध्ये नेऊन ठेवला तर उत्तर अनपेक्षित निघतं. लास वेगासच्या थिएटरात टीव्हीवरच्या जादूगाराची जी अडचण होते, तिच्यातली अर्धी इथं उरत नाही. अंतर नाही, त्यामुळे पत्ता दिसतो, नाणं दिसतं, एलईडी पडदा लागत नाही. पेट्या आणि ट्रक त्याच्याकडे नसतातच, इथं ते लागतही नाहीत. अडचण उरते ती कोनाची. पोरं तिन्ही बाजूंनी रेटून बसलेली असतात, दोन खिडकीत चढलेली असतात, आणि त्यातलं एक तरी 'डाव्या हातात हाय, डाव्या हातात!' म्हणून ओरडणार. इथं संकलन नाही, आणि त्या पोराला गप्प बसवण्याचीही सोय नाही. त्याला पुढे बोलावून जंबुरा करून घेता आलं, तर दोन तास कमी पडतील.

थोडक्यात, टीव्हीवर रस्त्यातली जादू करणारा कलावंत प्रत्यक्ष प्रयोगात यशस्वी होऊ शकतो. डायनॅमो झाला, डेरेन ब्राउन झाला, एंजल ठेच खाऊन का होईना टिकला, आणि त्यांच्या पन्नास-साठ वर्षं आधी सरकारांनी एका संध्याकाळीत ते करून दाखवलं. त्यातल्या बहुतेकांकडे पडद्यावर येण्याआधीच जिवंत माणसांसमोर उभं राहण्याची सवय होती. ज्याची सगळी उमेदवारी कॅमेऱ्यासमोर गेली, त्यानं थेट कोल्हापुरात नाट्यगृह घेण्याआधी एक पावसाळा अशा शाळांमधून काढावा. गगनबावड्याच्या मुख्याध्यापकांनीही पुढच्या खेपेला जादूगार दारात आला, तर त्याला मधल्या सुट्टीत न गुंडाळता पूर्ण दोन तास द्यावेत, आणि मोठ्यांचे मोबाइल तेवढा वेळ कचेरीत ठेवून घ्यावेत.